वेळशिंग्याचा चंडोल

"अरे, नीट बघ की! आत मुंग्यांनी घर केलं असेल, नाहीतर पालीने अंडी घातली असतील," हेमांगी खालून ओरडली. "गेल्या वर्षापासून कंठशोष करतेय मी. तुमच्या खांबांचे कान फुटलेत म्हणून सांगतेय, कुणी ऐकेल तर शपथ!"

शिडीवर उभ्या शार्दूलने खांबाच्या टोकावरची टोपी काढली, आत बॅटरीचा उजेड टाकला, फुंकर मारली आणि टोपी परत बसवली. "काकी, कान ठणठणीत आहेत. खाली सरडा पळाला तरी नोंद होईल."

"मग डोक्यावर चाललंय ते काय माझं कौतुक?"

डोक्यावर, पार वर निळ्यात, कातळचंडोल गात होता. सकाळचे ऊन नुकतेच सड्यावर, त्या उघड्या कातळी पठारावर, पसरले होते. मैलभर काळा जांभा, मधेमधे पिवळ्या वाळक्या गवताचे पट्टे, आणि वर एक ठिपका लटकल्यासारखा एका जागी पंख फडफडवत गातोय. हे गाणे हेमांगी वीस-बावीस वर्षे ऐकत आली होती. आणि 'कानोसा' सांगत होता की वेळशिंग्याच्या सड्यावर सलग दोन हंगाम कातळचंडोलाचा आवाज एकदाही आलेला नाही. तिसरा हंगाम चालू होता. तोही मुका गेला की सडा मोकळा. मग त्यावर सौर कंपनीच्या काचा, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

हेमांगी तोडणकर ही वेळशिंग्याच्या हायस्कुलात भूगोल शिकवायची. शिकवता शिकवता पाखरांच्या नादी लागली ती कायमची. किडा दिसला की वाकायची, रोप दिसले की बसायची. मुले म्हणायची, बाईंसोबत सहल म्हणजे शंभर पावले चालायला दुपार होते. नोकरी सुटल्यावर तिने सड्याच्या कडेला दोन खोल्या काढल्या आणि पाखरे बघायला येणाऱ्यांना ठेवून घ्यायला सुरुवात केली. नवरा दत्ताराम. सगळा जन्म लाँचच्या इंजिनापाशी काढलेला. त्या इंजिनाने त्याचे कान खाल्ले होते. जाड आवाज ऐकू यायचे, मोठ्याने बोलले तर बोलणेही कळायचे, पण बारीक, वरच्या पट्टीतले सगळे गेले होते. चंडोलाचे गाणे त्याला आता अजिबात ऐकू येत नसे.

आणि गंमत अशी, की त्या चंडोलाला नाव मिळाले ते या दोघांमुळे. दिसायला तो साध्या चंडोलासारखाच, चिमणीएवढा, मातकट, डोक्यावर शेंडी. फरक काय तो गाण्यात. एका सकाळी हेमांगीने माइक धरला, दत्तारामने तिवई धरली, आणि दोघांनी मिळून त्याचे गाणे पकडले. जाणकारांनी ते ऐकले, तपासले, बाकीच्या चंडोलांशी ताडून पाहिले, आणि ठरवले की हा वेगळा पक्षी आहे. तेव्हा तो चार-पाच सड्यांवर होता. बाकीचे सडे चिरेखाणींनी आणि बागांनी खाल्ले. उरला वेळशिंग्याचा, आणि त्यावर या वर्षी गाणारा नर एकच उरला होता.

आता 'कानोसा' म्हणजे काय ते सांगायला हवे.

त्या काळापर्यंत फोटोवरचा लोकांचा विश्वास पार उडाला होता. घरबसल्या कुणीही नसलेल्या वाघाचा फोटो बनवावा, मिशीवरच्या दवासकट. एका पठ्ठ्याने तर गृहसंकुल थांबवायला आपल्या गच्चीवर माळढोक उतरवला होता! त्यामुळे कायदा झाला. फोटो नको, व्हिडिओ नको, माणसाची साक्षही नको, कारण माणूस तर यंत्राच्या आधीपासून खोटे बोलतो. रानात खांब उभे करायचे, ते रात्रंदिवस ऐकतील, आणि ते सांगतील तेच खरे. खांब आवाजाचे चित्र काढतात. सूर किती चढला, किती उतरला, मधे किती थांबला. प्रत्येक नराचे गाणे थोडे निराळे असते, जशी प्रत्येकाची सही. त्यामुळे कानोसा नुसता पक्षी नव्हे, नेमका कोणता पक्षी तेही ओळखायचा. काम चोख होते, आणि आरंभी सगळ्यात जास्त आनंद झाला होता तो हेमांगीलाच. खांब रोवायला आलेल्या माणसांना तिने घावणे करून घातले होते.

शार्दूल जोगळेकर शिडीवरून उतरला. कॉलेजात असताना हाच पोरगा तिच्या पडवीत झोपायचा आणि पहिला चंडोल हिनेच त्याला दाखवला होता. आता तो जिल्ह्याचा कानोसा-तपासनीस होता. त्याने पाठीवरच्या पिशवीतून पाटी काढली, कातळावर बसला आणि हेमांगीला शेजारी बसायला सांगितले. त्याचा चेहरा उतरलेला होता.

"काकी, खांबांनी त्याला ऐकलंय. रोज ऐकलंय. तिन्ही हंगाम."

"मग?"

"सगळं नकलेच्या टोपलीत पडलंय."

"कसली नक्कल?"

"स्पीकरची. लोक रान वाचवायला, नाहीतर पर्यटक आणायला, रेकॉर्डिंग वाजवायला लागले होते ना? म्हणून चाळणी बसवली. खांबाने ऐकलेलं गाणं आवाजांच्या भांडारातल्या जुन्या रेकॉर्डिंगशी हुबेहूब जुळलं, की तो पक्षी नाही, स्पीकर. दोन पक्ष्यांचं गाणं हुबेहूब कधी जुळत नाही, आणि जुना पक्षी तर केव्हाच मेलेला असतो." तो अडखळला. "हे तुमच्या रेकॉर्डिंगशी जुळतंय, काकी. ते पहिलं. वरचे लोक म्हणतात, तोडणकरबाई स्पीकर लावतात."

हेमांगी ताडकन उठली. "मी? मी स्पीकर लावते? खांब आल्यापासून या सड्यावर मोबाइलसुद्धा वाजू देत नाही मी! आणि तुझ्या डोळ्यांदेखत गातोय ना तो? का त्याच्या पोटात स्पीकर घातलाय मी?"

"मला दिसतंय हो. पण माझ्या डोळ्यांना कोण विचारतो? तुम्ही हे बघा."

त्याने पाटीवर दोन चित्रे एकाखाली एक लावली. वर बावीस वर्षांपूर्वीचे गाणे, खाली आजचे. तेच चढ, तेच उतार. मधे एका जागी दोन्ही चित्रांत एक उभी टोचरी रेघ होती, काटा असावा तशी.

"हे काय आहे?" शार्दूलने विचारले. "कुठल्याच चंडोलात मी हे पाहिलेलं नाही."

हेमांगीला ते काय आहे ते लगेच कळले. दत्तारामची तिवई! त्या सकाळी त्याने भार एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकला आणि गंजलेला स्क्रू कुरकुरला, 'कुंईक'. जाणकार म्हणाले होते, तेवढे वगळू. पण काही वगळले नव्हते, आणि रेकॉर्डिंग इतक्या वेळा ऐकल्यावर तिच्या कानाला ते गाण्याचाच भाग वाटू लागले होते. तिने मान वर केली. ट्रीऽ ट्रीऽ, चिव्विच् चिव्विच्, मग कुंईक, मग पुन्हा ट्रीऽ. एवढ्या वर्षांत तिला ते खटकले नव्हते. आता तेवढेच ऐकू यायला लागले.

पाखरे बघणाऱ्यांची एक रीत होती. तिला ते साद घालणे म्हणायचे. उंच उडणारा पक्षी खाली आणायचा तर त्याच्याच जातीचे गाणे फोनवर वाजवायचे. नराला वाटते आपल्या हद्दीत दुसरा शिरला. तो तणतणत खाली येतो, शेंडी उभारून दगडावर बसतो आणि फोटो मिळतो. हेमांगीचा नियम होता, एका सकाळी एकदाच. पण रेकॉर्डिंग एका फोनवरून दुसऱ्या फोनवर पसरले. रविवारी सड्यावर तीन तीन टोळकी यायची आणि प्रत्येकाच्या खिशात तेच गाणे. हेमांगी दिसली की फोन बंद व्हायचे, ती वळली की पुन्हा सुरू. तिला कळत नव्हते असे नाही. पण पाहुणे होते, हौशी होते, चंडोलावर प्रेम करणारे होते. कुणाला काय बोलायचे?

आणि चंडोलाचे पिल्लू गाणे पोटातून घेऊन येत नाही. ते शिकते. पहिल्या काही महिन्यांत जे कानावर पडेल ते साठवून ठेवते आणि पुढच्या हंगामात घोकून घोकून पक्के करते. एरवी बापाचे, शेजाऱ्यांचे, थोडे स्वतःचे, अशी मिसळ होऊन नवे गाणे तयार होते. पण शेजारी संपत आले होते. बाप बिचारा गाऊन गाऊन किती गाणार? सड्यावर सगळ्यात मोठ्याने आणि सगळ्यात जास्त वेळा जे गाणे वाजत होते ते खिशातले. पिल्लांनी ते उचलले. त्यांच्या पिल्लांनी त्यांचे. खांब आले, फोन बंद झाले, तोवर वेळशिंग्याच्या चंडोलांना दुसरे गाणेच राहिले नव्हते.

"आम्हीच केलं रे हे," हेमांगी म्हणाली. "दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. प्रेमाने केलं."

शार्दूल पाटी पिशवीत घालायला लागला.

"माझं रेकॉर्डिंग काढून टाक. मीच टाकलंय, मीच काढते. मग कशाशी जुळवतील?"

"तेही आलं मनात. पण कातळचंडोल हे नावच त्या रेकॉर्डिंगवर उभं आहे. तो मूळ नमुना आहे. तो काढला की हा साधा चंडोल. साधा चंडोल तर क्रिकेटच्या मैदानावरही असतो, त्याच्यासाठी सडा कोण राखणार?" त्याने वर चंडोलाकडे बघितले. "एक वाट आहे. गाण्यात एखादा जरी नवा तुकडा आला, भांडारात नसलेला, तरी चाळणी सोडून देईल. हंगाम मृगापर्यंत आहे. पण त्याला नवीन शिकवणार कोण?"

घरी येऊन तिने दत्तारामला सगळे सांगितले. मोठ्याने सांगावे लागले, आणि असली गोष्ट ओरडून सांगताना तिला फार लाज वाटली. दत्ताराम आधी हसला. "माझी तिवई? तो माझी तिवई गातो?" मग त्याचा चेहरा हळूहळू पडला.

"मला ऐकायला मिळालं असतं तर," तो म्हणाला. "खोटं का असेना गो, पण एकदा ऐकलं असतं."

चंडोलाचे गाणे त्याला तिच्याकडूनच कळायचे. रोज सकाळी ती सड्यावरून आली की तो विचारायचा, आज काय म्हणाला? आणि ती सांगायची. बारीक आवाजांच्या बाबतीत त्याचा सगळा हवाला तिच्या कानांवर होता. पावसाची पहिली बेडकी, कढईतले तडतडणे, फोनची घंटी, सगळे तिने सांगितले की खरे. असे दुसऱ्याच्या कानांनी ऐकायचे तर माणसावर केवढा विश्वास लागतो! त्याचा तो होता.

दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता तोच म्हणाला, "चंडोल शीळ उचलतात."

"काय?"

"आमच्या आजोळी गुराख्यांची शीळ उचलायचे चंडोल. गुरं फसायची, चुकीच्या बाजूला चालायची. मी शीळ घालतो. तोंडाने. स्पीकर नाही, फोन नाही, कायद्यात कुठे तोंडाला बंदी आहे?"

"अहो, तो पिल्लू नाहीये आता."

"पिल्लू नसला तरी चंडोल आहे ना? नकल्या जात मेली! त्याच सवयीने मारलं, तीच तारील." आणि त्याने तिथेच, पडवीत बसून, लाँच धक्क्याला लागताना घालायचा ती शीळ घातली. एक लांब, दोन तोकड्या. स्वतःची शीळ त्याला कानांनी नाही, पण दातांत जाणवायची.

मग रोज सकाळी वेळशिंग्याच्या सड्यावर एक तमाशा सुरू झाला. दत्ताराम छत्री आणि स्टूल घेऊन कातळावर बसायचा आणि शीळ घालायचा. एक लांब, दोन तोकड्या. हेमांगी मागे उभी राहून ऐकायची. गावातली माणसे वाटेने जाता जाता थांबायची. "काका, चंडोलाला लाँच पकडायचीय काय?" गावाचेही चुकत नव्हते. काचा आल्या तर पोरांना कामे मिळणार होती, वीज मिळणार होती, आणि इथे एक बहिरा म्हातारा पाखराला शीळ शिकवत बसलाय! दत्तारामला निम्मे ऐकू यायचे नाही, उरलेल्यावर तो हसायचा. त्याचे ओठ फुटले. हेमांगीने खोबरेल लावले. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

"उत्तर दिलं काय गो?"

"नाही."

असे कितीतरी दिवस. ती खरे तेच सांगायची. एकदा तिच्या मनात आले की त्याला बरे वाटावे म्हणून होय म्हणावे, पण तिच्याने ते झाले नाही.

सडा तापून निघाला होता, गवताची काडी न काडी वाळली होती, त्या दिवसांत एका सकाळी चंडोल उठला, नेहमीसारखा वर गेला आणि गायला लागला. ट्रीऽ ट्रीऽ, चिव्विच्, कुंईक. आणि मग, जरा चाचरत, एक लांब. दोन तोकड्या.

हेमांगी जागच्या जागी रडायलाच लागली. तिने दत्तारामचा खांदा धरून हलवला. "दिलं! अहो, दिलं उत्तर! तुमची शीळ घातली त्याने!"

"खरं सांगतेस?"

"तुमच्या गळ्याची शपथ!"

दत्तारामने छत्री फेकून दिली. फुटलेल्या ओठांनी पुन्हा शीळ घातली आणि वरून पुन्हा उत्तर आले. मग तर चंडोल नादावलाच. दत्ताराम शीळ घालायला लागला की तो गाणे अर्धे टाकून खाली यायचा, चार हातांवरच्या दगडावर बसायचा आणि शेंडी उभारून त्याच्याकडे बघायचा. त्याच्या मागून कधीकधी मादीही यायची, गुपचूप, गवताच्या कडेला थांबायची. घरटे तिकडेच कुठेतरी होते. त्या आठवड्यात तोडणकरांच्या घरी दोनदा शिरा झाला.

शार्दूलचा फोन आला तेव्हा ती अंगणात आमसुले उलटत होती.

"काकी, चाळणीने सोडलं. नक्कल नाही म्हणते आता."

"अरे देवा! मग? नोंद झाली?"

"झाली," शार्दूल म्हणाला. "पाळीव म्हणून."

चंडोल पिंजऱ्यात पाळायचा शौक जुना आहे. शौकीन लोक त्याला शिट्ट्या शिकवतात, धून शिकवतात, पैजा लावतात. बेकायदा आहे, पण चालते. म्हणून कानोशाला शिकवून ठेवले होते की गाण्यात माणसाची शीळ आली, तर तो पिंजऱ्यातून सुटलेला किंवा मुद्दाम सोडलेला पक्षी, आणि पाळीव पक्षी रानाच्या हिशेबात धरायचा नाही. उलट अशा पक्ष्याला रानातून उचलून बचाव केंद्रात न्यायचा हुकूम आपोआप निघतो. कुणी माणूस सही करायला बसलेला नसतो.

"मी अर्ज केलाय," शार्दूल सांगत होता. "जंगली चंडोलही शीळ उचलतो हे लिहून दिलंय. पण ऐकणार ते पावसाळ्यानंतर. हंगाम मृगाला संपतो. काकी, मीच सुचवलं तुम्हाला. मला माफ करा."

आगीतून फुफाट्यात, दुसरे काय! हेमांगी आमसुलांसमोर तशीच उकिडवी बसून राहिली. मागच्या पडवीतून दत्ताराम शीळ घालत येत होता. तिने डोळे पुसले. त्याने विचारले, कुणाचा फोन? ती म्हणाली, शार्दूलचा. तो म्हणाला, झाली ना नोंद? ती म्हणाली, झाली. हे खोटे नव्हते. तिथपर्यंत ती खोटे बोलली नव्हती.

बचाव केंद्राची गाडी आली ती आकाशात ढग दिसायला लागल्यावर. डॉक्टर आफरीन परकार म्हणून पाखरांच्या डॉक्टर होत्या, चिपळूणकडच्या. सोबत जाळे धरायला दोन माणसे. डॉक्टरांनी आधी नुसते ऐकले. दुर्बीण लावली, पंखांच्या कडा बघितल्या, पाय बघितले आणि दुर्बीण उतरवली.

"हा पिंजऱ्यातला नाही," त्या म्हणाल्या. "याने पिंजरा कधी बघितलेलाही नाही. मादी पण आहे."

"मग जा ना परत," हेमांगी म्हणाली. "तुम्हाला दिसतंय तर जा."

"गेले असते. पण बाई, मी गेले तर हुकूम दुसऱ्या कुणाच्या नावाने निघेल. तो माणूस कसा असेल मला माहीत नाही. आणि तोही नाही आला, तरी पावसानंतर इथे यंत्रं उतरतील. हा जमिनीवर घरटं करणारा पक्षी, उडून जाईल कुठे? दुसरा सडा उरलाय का?" त्यांनी हेमांगीच्या हातावर हात ठेवला. "माझ्याकडे निदान जगेल. मोठा पिंजरा आहे. मी स्वतः बघेन त्याला."

"आणि मादी?"

मादी गात नव्हती. कानोशाच्या लेखी ती कधी नव्हतीच, आणि तिच्या नावाचा हुकूमही नव्हता.

जाळे लावले, पण चंडोल काही खाली येईना. दोन सकाळी गेल्या. स्पीकर लावायची परवानगी डॉक्टरांनाही नव्हती. सड्यावर स्पीकर म्हणजे गुन्हा. तेव्हा जाळेवाला सहज म्हणाला की गावात सांगतात, एक काका शीळ घालतात आणि तो खाली येतो. डॉक्टरांनी हेमांगीकडे बघितले.

हेमांगी तशीच चालत घरी गेली. दत्ताराम स्टूल झटकत होता. हे लोक का आलेत असे त्याने कालपासून दोनदा विचारले होते आणि तिने टाळले होते. आता ती त्याच्या कानाशी वाकली.

"वळं घालायला आलेत त्याच्या पायात," ती मोठ्याने म्हणाली. "नंबराचं वळं. म्हणजे पक्की नोंद होते. तुम्ही बोलवा त्याला."

लग्नाला सदतीस वर्षे झाली होती, आणि ऐकण्याच्या बाबतीत, चंडोलाच्या बाबतीत, ती त्याच्याशी पहिल्यांदा खोटे बोलली. खरे सांगितले असते तर त्याने शीळ घातली नसती, हे तिला पक्के माहीत होते. मग पक्षी सड्यावर राहिला असता आणि यंत्राखाली मेला असता. असे तिने स्वतःला सांगितले. ते खरेही होते.

दत्तारामने धुतलेला सदरा घातला. पाहुणे आलेत म्हणून! डॉक्टरांना नमस्कार केला, स्टूलावर बसला, ओठ ओले केले. एक लांब, दोन तोकड्या. वरून उत्तर आले. पुन्हा एक लांब, दोन तोकड्या. चंडोल गाणे अर्धे टाकून थेट खाली आला, त्याच्याकडे. मधे जाळे होते.

"बघा, बघा कसा येतो!" दत्ताराम डॉक्टरांना म्हणाला. "भिऊ नको रे, काही करत नाहीत ते."

डॉक्टरांच्या हातात पक्षी होता. त्यांनी त्याला कापडी पिशवीत घातले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते आणि त्या ते पुसतही नव्हत्या. दत्तारामने बायकोकडे बघितले.

"डॉक्टर का रडतायत गो?"

"आनंद झालाय त्यांना," हेमांगी म्हणाली.

"कधी सोडणार?"

"वजन-बिजन करून. संध्याकाळी सोडतील."

गाडी गेली. दोघे घरी आले. संध्याकाळी ती एकटी सड्यावर जाऊन आली आणि येऊन सांगितले, सोडला. चंडोलाची मादी गवताच्या कडेला इकडून तिकडे चालत होती, ते तिने सांगितले नाही.

मृगाला हंगाम संपला आणि सडा मोकळा झाल्याचा कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला. दत्ताराम तिकडे फारसा जात नसे. गेला असता आणि कुणी सांगितले असते, तरी त्याने घरी येऊन तिलाच विचारले असते. पावसाने उघडीप दिली की तो छत्री आणि स्टूल घेऊन निघायचा. तीही मागून जायची. वर उंच गेलेला ठिपका त्याच्या म्हाताऱ्या डोळ्यांना पूर्वीही दिसत नव्हता, आताही दिसत नव्हता. खाली का येत नाही म्हणून त्याने विचारले, तर ती म्हणायची, जाळ्याला भ्यालाय. तो ओठ ओले करायचा, शीळ घालायचा, थांबायचा आणि मान वळवून तिच्या तोंडाकडे बघायचा.

"दिलं काय गो उत्तर?"

सड्यावर वारा होता, पाण्याचे थेंब गवतावरून कातळावर पडत होते, बाकी काही नव्हते.

"दिलं," हेमांगी म्हणाली, आणि तो खूश होऊन पुन्हा शीळ घालायला लागला.